विकायला चार मिनिटं, द्यायला चार महिने: आयुर्विम्यात तंत्रज्ञान नेमकं लावायचं कुठे?

अर्धविराम
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

मी एका आयुर्विमा कंपनीत प्रोग्रॅमर आहे. पुढच्या वर्षीच्या बजेटवरून आमच्याकडे दोन तट पडलेत. एका तटाला नवं ॲप हवंय. चेहरा दाखवा, थोड्या प्रश्नांची उत्तरं द्या, रक्त-लघवी काही नको, चार मिनिटांत पॉलिसी हातात. दुसरा तट (म्हणजे मी आणि आणखी दोघं, त्यातले एक लवकरच निवृत्त होणारे) म्हणतो, आधी जुन्या पॉलिसी नव्या सिस्टिमवर आणा. पैसे एकाच कामापुरते आहेत.

जुनी सिस्टिम म्हणजे काय प्रकरण आहे त्याचा एक नमुना देतो. बोनस काढणारा एक प्रोग्रॅम आहे, कोबोल या जुन्या संगणकभाषेत लिहिलेला. त्यात १९८०च्या दशकातल्या एका योजनेपुरती अट आहे: हप्ता तिमाही असेल आणि पॉलिसी मधे बंद पडून पुन्हा चालू झाली असेल, तर एका वर्षाचा बोनस वगळायचा. योजनेच्या छापील अटींत हे कुठेही नाही. त्या ओळीच्या वर टिपण आहे, 'साहेबांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे. काढू नये.' कोण साहेब, कुणाचा फोन, सांगायला कुणी उरलेलं नाही. अट काढली तर आजवर ज्यांना कमी दिलं त्यांचं काय? ठेवली तर आम्ही ती नव्या सिस्टिममध्ये समजून-उमजून लिहायची. तीन आठवडे याच एका ओळीवर बैठका चालल्यात.

तर प्रश्न असा, की विमेदार म्हणून तुम्हाला काय आधी हवंय? ॲप की माझी ही धुणीभांडी?

उंटावरचा_शहाणा
साहेबांना फोन लावून बघा. उचलला तर विम्याच्या धंद्यातला सगळ्यात मोठा शोध लागेल.

गोगलगाय
विमा म्हणजे मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही, त्यातला प्रकार. विमेदाराला विचारून काय उपयोग, त्याला अनुभव यायचा तेव्हा तो नसणारच. वारसाला विचारा.

चष्मिष्ट
मी समोरच्या, ॲपवाल्या तटातला, म्हणजे एका विमा कंपनीत प्रॉडक्टचं काम करतो. आम्हाला इथे शिव्या बसणार हे दिसतंय, तरी बाजू मांडतो.

प्रस्ताव भरल्यावर तपासणीची वेळ ठरवा, उपाशीपोटी जा, अहवाल यायची वाट बघा, मग अंडररायटर (प्रस्ताव तपासून जोखीम ठरवणारा) आणखी एक कागद मागणार. यात आठवडे जातात आणि मधेच खूप लोक नाद सोडतात. ते दुसरीकडे विमा घेत नाहीत हो, घेतच नाहीत. त्यातला एखादा गेला की घरच्यांना शून्य. दावा लवकर मिळण्याचं कौतुक, पॉलिसी असेल तर! शिवाय नवा धंदा आला नाही तर अर्धविरामांच्या जुन्या पॉलिसींचा खर्च कोण उचलणार?

आणि 'विमा कंपन्या तंत्रज्ञानात मागासलेल्या' हे वाक्य आता कुणीतरी टाकेलच, म्हणून आधीच लिहितो, अजिबात पटत नाही.

शून्यशेष
चष्मिष्ट, शेवटच्या वाक्याला अनुमोदन, बाकीच्यावर भांडू. मी अ‍ॅक्च्युअरी आहे, म्हणजे विम्यातली जोखीम आणि हप्ते गणिताने काढणारा.

आयुर्विमा मुळात विदेवरच (डेटावरच) उभा राहिला. ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदी हाताशी आल्या म्हणून एडमंड हॅलीला (तोच, धूमकेतूवाला) १६९३ मध्ये आयुर्मानाचा तक्ता मांडता आला. वयाप्रमाणे हप्ता घेणारी इक्विटेबल ही विमा संस्था लंडनमध्ये १७६२ला निघाली. यंत्रांचं म्हणाल तर अमेरिकेतल्या प्रुडेन्शियलचे अ‍ॅक्च्युअरी जॉन गोर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी छिद्रांची कार्डं निवडणारं स्वतःचं यंत्र बनवलं होतं. १९५४ मध्ये, संगणक हा शब्दही लोकांच्या तोंडी नव्हता तेव्हा, मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने युनिव्हॅक हा संगणक घेतला.

खरं दुखणं यातच आहे. सगळ्यांच्या आधी घर बांधलं, म्हणून सगळ्यांच्या आधी जुनं झालं. आणि आमच्या घरातले भाडेकरू चाळीस-पन्नास वर्षं हलत नाहीत. बँक जुनं खातं बंद करून नवं देऊ शकते. विशीत घेतलेली आजीवन पॉलिसी साठ वर्षांनीही त्याच अटींवर पाळावी लागते. एवढ्या काळात चार-पाच पिढ्यांची सॉफ्टवेअरं मरतात.

उंटावरचा_शहाणा
म्हणजे सॉफ्टवेअरचाच विमा काढायला हवा होता.

ढगफुटी
एवढी चर्चा कशाला? सगळं ब्लॉकचेनवर टाका. माणूस गेला की करार आपोआप पैसे देतो, मधे कुणी नाही.

टिकमार्क
ढगफुटी, माणूस गेला हे त्या साखळीला कोण सांगणार? कुणीतरी दाखला आणणार, कुणीतरी तो बघणार, खरा की खोटा ते ठरवणार. ते 'कुणीतरी' म्हणजे मीच. एकतीस वर्षं दाव्याच्या टेबलावर होतो, आता निवृत्त.

अर्धविराम, तुमच्या बोनसच्या ओळीसारखीच आमच्याकडची एक गोष्ट. आमच्या पॉलिसी आधी जाड कार्डांवर असत. ती संगणकावर चढवली तेव्हा नावाचा रकाना २४ अक्षरांचा ठरला. ज्यांची नावं लांब त्यांचं काय करायचं याचा आदेश आला नाही, त्यामुळे ज्याने त्याने आपल्या मनाने केलं. एका मुलीने मधलं नाव उडवलं, दुसऱ्याने आडनाव जिथे संपेल तिथे कापलं, तिसऱ्याने वडिलांच्या नावाचं एक अक्षर ठेवलं. कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. पंचवीस वर्षांनी त्या पॉलिसींचे दावे यायला लागले. दाखल्यावर पूर्ण नाव, आमच्या पडद्यावर शेपूट तुटलेलं. नियम असा, की नाव जुळलं पाहिजे. मग मी पत्र पाठवायचो, 'नावातील तफावतीबाबत प्रतिज्ञापत्र सादर करावे.' तफावत आमचीच, प्रतिज्ञापत्र त्या बाईंनी करायचं.

अजून एक. त्या कार्डांच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेलं असायचं. 'पत्र धाकट्या भावाकडे पाठवणे', 'नॉमिनी बदलायची म्हणून गेले, फॉर्म परत आला नाही', असं काही. संगणकात त्याला रकाना नव्हता. कार्डं रद्दीत गेली, पेन्सिलही गेली. दावे अडकायचे ते बहुतेक वेळा त्या पेन्सिलीतल्या गोष्टींवरून.

गोगलगाय
_/\_ टिकमार्ककाका, हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून काढा.

रातराणी
लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं, पण लिहितेच.

नवऱ्याने ॲपवरूनच विमा घेतला होता. चष्मिष्ट म्हणतात तसाच, पटकन, सोफ्यावर बसल्या बसल्या. मी शेजारीच होते, 'झालं पण?' असं विचारलेलं आठवतंय. तो गेल्यावर दावा करायला तेच ॲप उघडलं. आत जायला ओटीपी. तो त्याच्या नंबरवर. नंबर मी महिनाभरापूर्वी बंद केला होता, कारण त्याला फोन यायचे आणि मला ते उचलवत नव्हते.

हेल्पलाइनवर म्हणाले, नोंदलेल्या नंबरवरूनच बोलता येईल. ईमेल केलं तर आपोआप उत्तर आलं, वर त्याचं नाव घालून, 'आमच्याशी संपर्क साधल्याबद्दल धन्यवाद, आपला दिवस आनंदात जावो.' शेवटी एका ऑफिसात जाऊन बसले. तिथल्या एका वयस्कर बाईंनी कागद बघितले, स्वतःच फोन फिरवले, पुढचं झालं. पैसे मिळाले, पूर्ण मिळाले. कंपनीने बुडवलं असं म्हणणार नाही.

पण ते ॲप बनवताना एकानेही विचारलं नसेल का, की हे उघडणारा माणूस कोण असेल?

चष्मिष्ट
रातराणी, काय लिहावं सुचत नाही. खरं सांगायचं तर आमच्या ॲपमध्येही दाव्याचं बटण लॉगिनच्या आतच आहे. उद्या ऑफिसात पहिलं काम हेच.

अर्धविराम
आमच्यातही आतच आहे. आत्ता उघडून बघितलं.

पायपीट
एजंट आहे, बावीस वर्षं. आता माझ्यावर दगड येणार, पण खरं तेच लिहितो.

कागदी प्रस्तावाच्या काळात फॉर्म आम्हीच भरायचो. 'अहो, तुम्ही सही करा, बाकी मी बघतो.' तब्येतीच्या प्रश्नांवर वरून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही' अशी एक सलग रेघ. गिऱ्हाईकाला रक्तदाब आहे हे मला ठाऊक नसायचं, आणि ठाऊक असलं तर कधी कधी नसल्यासारखं करायचो. सगळेच करत होते, यापलीकडे समर्थन नाही.

आता टॅबलेट आलाय, प्रश्न गिऱ्हाईकाच्या फोनवर जातात, उत्तर त्यानेच द्यायचं. माझा धंदा कमी झाला, पण झोप बरी लागते. तेव्हा ॲपला सरसकट शिव्या घालू नका.

डॉ_कडूगोळी
पायपीट यांचा प्रामाणिकपणा आवडला. विम्याच्या तपासण्या मी बरीच वर्षं केल्यात, म्हणून या 'नाही, नाही'बद्दल थोडं.

लोक खोटं बोलतात, पण सगळे फसवायला बोलत नाहीत. 'गेल्या पाच वर्षांत आपणास कोणताही विकार झाला आहे काय?' असं विचारलं तर मधुमेहाची गोळी रोज घेणारा माणूस शांतपणे 'नाही' म्हणतो. त्याच्या लेखी गोळी चालू आहे म्हणजे विकार आटोक्यात, म्हणजे नाहीच. तेच 'रोज कोणत्या गोळ्या घेता?' विचारा, पाकीट काढून दाखवेल. तंत्रज्ञानाचा मला दिसलेला सगळ्यात सरळ फायदा हा: एक उत्तर आलं की त्याला धरून पुढचा प्रश्न बदलतो. कागदावर हे जमत नव्हतं. फॉर्म नीट भरला गेला तर दाव्याच्या वेळी 'तुम्ही लपवलंत' हा वाद मुळातच होत नाही.

तंबाखूचं मात्र वेगळं. तिथे माणूस समजून-उमजून खोटं बोलतो. रक्तात किंवा लाळेत कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात बनणारं द्रव्य) सापडतं, पण तेही काही दिवसच. आठवडाभर सोडून येणारे महाभाग बघितलेत. रक्ततपासणीच काढून टाकली की त्यांना तेवढेही कष्ट नकोत, आणि त्यांचा बोजा न ओढणाऱ्यांच्या हप्त्यावर पडतो. चार मिनिटांच्या पॉलिसीची किंमत कुणीतरी भरतंच.

ढगफुटी
मग घड्याळ द्या ना! चाला, पावलं मोजा, हप्ता कमी. दक्षिण आफ्रिकेत डिस्कव्हरी या विमा कंपनीने व्हायटॅलिटी नावाची अशी योजना १९९७पासून चालवलीय. अमेरिकेत जॉन हॅनकॉक या आयुर्विमा कंपनीने २०१८ मध्ये सगळ्याच पॉलिसी त्या धर्तीवर करायचं जाहीर केलं. माणूस निरोगी राहतो, कंपनीचा दावा लांबतो, दोघांचं भलं.

उंटावरचा_शहाणा
आमच्या ओळखीच्या आजोबांनी घड्याळ नातवाच्या हाताला बांधलं. आजोबांची दिवसाला अठरा हजार पावलं होतात आणि दुपारी दोन ते चार गाढ झोप. हृदयाचे ठोके बघून कंपनी चक्रावली असेल.

काजळमाया
विनोद सोडा, मला या घड्याळाची भीतीच वाटते. आज 'चाललात तर सूट', उद्या 'घड्याळ घातलं नाही म्हणून जास्त हप्ता'. दोन्ही एकच, फक्त उलट बाजूने सांगितलेलं. पायाने अधू असलेल्याने काय करायचं? दोन पाळ्यांत काम करणाऱ्याने चालायला कधी जायचं?

आणि घड्याळ तरी दिसतं. संगणकाचं मॉडेल तुमची खरेदी, पत्ता, कर्जफेड यांवरून हप्ता ठरवायला लागलं तर दिसणारही नाही. न्यूयॉर्कच्या नियामकाने २०१९ मध्ये आयुर्विमा कंपन्यांना लेखी बजावलं, की बाहेरची विदा वापरून भेदभाव होत नाही हे तुम्ही दाखवायचं. कोलोरॅडोने २०२१ मध्ये कायदाच केला. युरोपच्या २०२४च्या एआय कायद्यात आयुर्विम्याची जोखीम आणि हप्ता ठरवणाऱ्या प्रणाली उच्च जोखमीच्या यादीत आहेत. एवढ्या ठिकाणच्या लोकांना एकाच वेळी भास होत नसतो.

शून्यशेष
काजळमाया, अर्धं मान्य. पण विमा म्हणजे फरक करणंच. साठीच्या माणसाला विशीतल्यापेक्षा जास्त हप्ता हा भेदभावच आहे, आपण त्याला न्याय्य म्हणतो इतकंच. कुठला फरक न्याय्य हे गणित सांगत नाही. बायका जास्त जगतात हे तक्त्यात स्वच्छ दिसतं, म्हणून त्यांना मुदतीचा विमा स्वस्त मिळायचा. युरोपच्या न्यायालयाने २०११ मध्ये निकाल दिला आणि २१ डिसेंबर २०१२पासून तिथे नव्या पॉलिसींना स्त्री-पुरुष एकच दर झाला. तक्ता चुकला नव्हता. समाजाने ठरवलं, हा फरक करायचा नाही.

तेव्हा मॉडेलला माझा विरोध नाही, न सांगता येणाऱ्या कारणाला आहे. हप्ता वाढवलात तर का वाढवला ते गिऱ्हाईकाला त्याच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं तर तो अर्धविरामांच्या साहेबांचा फोनच झाला, फक्त महागड्या संगणकावरून केलेला.

काजळमाया
:) शेवटच्या वाक्यासाठी बाकीचं माफ.

सावळागोंधळ
अवांतर: अंडररायटिंगला मराठीत काय म्हणायचं?

गोगलगाय
'अधोलेखन'. कुणी म्हटलेलं ऐकलंय का? मीही नाही.

टिकमार्क
आमच्याकडे 'खालच्या मजल्यावर पाठवलंय' म्हणायचे. विभाग तळमजल्यावर होता.

पायपीट
मोबाइलवरच्या विम्याबद्दल कुणी लिहिलं नाही. गरीब माणसापर्यंत पोचायचं तर ॲपपेक्षा तोच रस्ता. फोनच्या बॅलन्समधूनच हप्ता जातो, ना एजंट, ना कागद.

शून्यशेष
बरोबर, आणि त्याची काळी बाजूही बघा. झिम्बाब्वेमध्ये एका मोबाइल कंपनीने २०१०ला बॅलन्स भरणाऱ्या ग्राहकांना मोफत आयुर्विमा दिला. थोड्याच महिन्यांत लाखो लोक आत आले. २०११ मध्ये मोबाइल कंपनी आणि सॉफ्टवेअर पुरवणारा यांचं पैशांवरून बिनसलं आणि योजना बंद पडली. लोक रात्री विमाधारक म्हणून झोपले आणि सकाळी उठले ते विम्याशिवाय. भांडण कुणाचं, झळ कुणाला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण मला राहून राहून एकच उदाहरण आठवतंय. अमेरिकेत सरकारची मृतांची एक यादी असते, कंपन्या ती विकत घेतात. कित्येक आयुर्विमा कंपन्या त्या यादीशी आपल्या पेन्शनरांची नावं जुळवायच्या. माणूस गेल्याचं दिसलं की पेन्शन त्याच महिन्यात बंद. पण तीच यादी आयुर्विम्याच्या पॉलिसींशी जुळवायची तसदी घेतली नव्हती. तिथे धोरण असं, की वारस येऊन मागेल तेव्हा देऊ. वारसाला पॉलिसी असल्याचंच ठाऊक नसेल तर पैसे कंपनीकडे. २०११च्या सुमारास राज्यांनी चौकशा लावल्या, तडजोडी झाल्या, मोठ्या रकमा वारसांना आणि राज्यांना द्याव्या लागल्या.

यादी, संगणक, माणसं, सगळं होतं. शोध फक्त एका दिशेने चालू होता. म्हणून 'तंत्रज्ञान आणा' असं कुणी म्हटलं की मी विचारतो, त्याचं तोंड कुठल्या बाजूला?

रातराणी
हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे कंपनीला वाटलं असतं तर मला फोन त्यांनी करायचा होता, मी त्यांना नाही.

शून्यशेष
हो, ताई. जिथे मृत्यूच्या नोंदी संगणकावर आहेत आणि त्या बघायची कायद्याने मुभा आहे, तिथे हे आजही होऊ शकतं. पण त्यासाठी आमच्या बाजूची नावं, जन्मतारखा धड हव्यात. टिकमार्कांच्या २४ अक्षरांतलं तुटकं नाव कुठल्याच यादीशी जुळणार नाही. चष्मिष्ट, तुमच्या ॲपला जे हवंय त्याचा रस्ताही अर्धविरामांच्या धुणीभांड्यांतूनच जातो.

चष्मिष्ट
मान्य. पण वरिष्ठांना हे सांगून पैसे मिळत नाहीत. ॲपची चित्रं दाखवता येतात. स्वच्छ केलेल्या नावांचं काय चित्र दाखवणार?

शून्यशेष
आमच्याकडे जुन्या विदेला पैसे कधी मिळाले सांगू? आयएफआरएस १७ (विमा कंपन्यांनी हिशेब कसे मांडायचे याचं आंतरराष्ट्रीय मानक) आलं तेव्हा. १ जानेवारी २०२३पासून हिशेब त्या पद्धतीने मांडायचे ठरले आणि त्याला जुन्या पॉलिसींचाही तपशील लागला. तोवर दहा वर्षं 'पुढच्या वर्षी बघू'. छडी दिसली तशी तिजोरी उघडली.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल बैठक झाली, काय झालं ते सांगतो.

रातराणी, तुमचा प्रतिसाद (नाव न घेता) मोठ्याने वाचून दाखवला. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. मग ॲपच्या तटातल्या मुख्य बाईच म्हणाल्या, दाव्याचं बटण लॉगिनच्या बाहेर काढायला बजेट लागत नाही, याच महिन्यात करा. दाखल्याचा फोटो आणि कळवणाऱ्याचा स्वतःचा नंबर, सुरुवातीला एवढंच. तो नंबर आला की मयत व्यक्तीच्या नावाने जाणारे सगळे संदेश थांबतील.

बाकी निकाल अर्धामुर्धा. ॲप होणारच, छोटं. जुन्या पॉलिसींपैकी या वर्षी फक्त नाव, जन्मतारीख आणि नॉमिनी, एवढे तीन रकाने साफ करायचे. पूर्ण स्थलांतराला 'पुढच्या वर्षी बघू'.

बोनसच्या ओळीबद्दल: निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्यांनी गठ्ठ्यांतून एक जुनं परिपत्रक शोधून काढलं. त्यात ती वगळणी फक्त एका ठरावीक वर्षापुरतीच लागू होती, पुढे करायची नव्हती. म्हणजे बंद पडून पुन्हा चालू झालेल्या पॉलिसींचा बोनस आम्ही इतकी वर्षं विनाकारण कापत होतो. आता मागचा सगळा हिशेब काढून फरक द्यायचाय. कितीजणांना, ते मोजतोय.

टिकमार्क
शाब्बास. पेन्सिलीच्या नोंदीला रकाना ठेवताय ना?

अर्धविराम
ठेवलाय, काका. नाव 'इतर टिपणी'. नावाचा रकानाही आता १२० अक्षरांचा केलाय.

टिकमार्क
एक विचारू? ज्यांची नावं आधीच कापलीत, ती पुरी कुठून करणार? कार्डं तर रद्दीत गेली.

अर्धविराम
आजवर आलेल्या दाव्यांच्या फायलींत तुम्ही मागवलेली प्रतिज्ञापत्रं असतील तशी आमच्याकडेही आहेत. कोणी कापताना कुठली पद्धत वापरली ते त्यावरून कळतंय. एक बॅच आडनाव कापणारी, एक मधलं नाव उडवणारी. पण जे हयात आहेत त्यांना पत्रच पाठवावं लागेल.

उंटावरचा_शहाणा
पाकिटावर नाव कुठलं छापणार?